आठ ऑगस्ट आणि पंधरा ऑगस्ट : छावणीतल्या स्वातंत्र्यसैनिकांविषयी

कुळगावहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की अंबरनाथ मागे पडल्यावर उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी ही दोन स्थानके येतात. आपल्यापैकी बहुतेकांना हे गाव ठाऊक असते ते फर्निचर, जीन्सचे कापड आणि 'मेड इन यूएसए' या विनोदामुळे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इतक्या वेळा सांगून झाला आहे की त्याखाली या गावाचा दुसरा इतिहास पार गाडला गेला. ज्यांनी स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगला आणि स्वातंत्र्याच्या दिवशी ज्यांचे घर परदेशात गेले, अशी माणसे या गावात राहिली. दरवर्षी येणारा पंधरा ऑगस्ट त्यांनी कसा पाहिला असेल, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. त्याचे सरळ उत्तर मिळत नाही. पण काही तारखा शेजारीशेजारी ठेवल्या तर बरेच काही दिसू लागते.

पहिली तारीख ८ ऑगस्ट १९४९. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी बराकींची मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. पाच कॅम्प, लांबच लांब बराकी, एकेका बराकीत गोणपाटाचे किंवा साडीचे पडदे लावून केलेले संसार. या 'कल्याण कॅम्प'ला गावाचे रूप देऊन उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले गेले आणि त्याची कोनशिला तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसवली गेली. तो दिवस ८ ऑगस्टचा.

आता याच तारखेला सात वर्षे मागे जाऊ. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला. कॅम्पातल्या ज्या सत्याग्रह्यांनी बेचाळीसमध्ये तुरुंग पाहिला होता, त्यांच्या लेखी ८-९ ऑगस्ट ही पवित्र तारीख होती. आणि त्या तारखेला त्यांच्या नव्या गावाची कोनशिला बसवायला कोण आले? ज्यांनी 'छोडो भारत'ला विरोध केला ते राजाजी. एवढेच नव्हे, तर १९४२ च्या एप्रिलमध्येच मुस्लीम लीगची विभाजनाची मागणी तत्त्वतः मान्य करावी असा ठराव मद्रासच्या काँग्रेस आमदारांकडून त्यांनी करून घेतला होता. त्यावरून त्यांना काँग्रेसबाहेर जावे लागले, आणि १९४४ मध्ये गांधी-जीना वाटाघाटींचा आधार ठरलेली 'राजाजी योजना' तीही त्यांचीच. कोनशिलेची तारीख कोणी मुद्दाम निवडली असे मी म्हणत नाही. सरकारी कार्यक्रमांच्या तारखा मोकळ्या दिवसावर ठरतात. शिवाय राजाजींच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. जे अटळ आहे ते वेळेवर मान्य केले तर रक्तपात टळेल असे त्यांना वाटत होते, आणि घडले ते पाहता त्यांना निव्वळ चुकीचे ठरवणे सोपे नाही. पण बेचाळीसचा एखादा सक्कर किंवा हैदराबादचा सत्याग्रही त्या दिवशी गर्दीत उभा असेल, तर त्याच्या मनात कोणते हिशेब चालले असतील याची कल्पना करून पाहावी. ज्याने तुरुंगात जाऊ नका असे सांगितले तो राष्ट्रप्रमुख झाला होता, आणि जो तुरुंगात गेला तो त्याच्यासमोर निर्वासित म्हणून उभा होता.

या पिढीचे पंचांगच वेगळे होते, हे आपण विसरतो. १९४७ पूर्वी 'स्वातंत्र्यदिन' म्हणजे २६ जानेवारी. १९३० पासून त्या दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली जाई, तिरंगा फडकवला जाई आणि लाठ्या खाल्ल्या जात. सिंधमध्येही हेच चाले. १९३१ चे काँग्रेस अधिवेशन कराचीतच वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली झाले आणि मूलभूत हक्कांचा प्रसिद्ध ठराव तिथलाच. बेचाळीसमध्ये सिंधची परिस्थिती इतर प्रांतांहून बिकट होती. हुरांच्या बंडामुळे जूनपासूनच तिथे लष्करी कायदा लागू झालेला होता. म्हणूनच रेल्वेचे रूळ उखडू पाहणाऱ्या सक्करच्या हेमू कलानीवर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्याला दिलेली जन्मठेप वरच्या लष्करी अधिकाऱ्याने फाशीत बदलली आणि २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, तो फासावर गेला. दोन महिन्यांनी, २० मार्चला, हुरांचे पीर पगारो सिब्घतुल्ला शाह यांनाही हैदराबादेत फाशी झाली. सिंधचे मुख्यमंत्री अल्लाबक्ष सूम्रो यांनी सरकारच्या दडपशाहीच्या निषेधार्थ आपल्या पदव्या परत केल्या, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले. पुढे १४ मे १९४३ ला शिकारपुरात त्यांचा खून झाला. या दोन घटनांच्या मध्ये, ३ मार्च १९४३ रोजी, सिंध विधानसभेने पाकिस्तानच्या मागणीला पाठिंबा देणारा ठराव मंजूर केला. ठराव मांडणारे होते जी. एम. सय्यद. त्या वेळी काँग्रेसचे बहुतेक पुढारी गजाआड होते. सिंधचे भवितव्य ठरत असताना सिंधचे स्वातंत्र्यसैनिक तुरुंगात होते, ही गोष्ट त्यांना पुढे आयुष्यभर टोचत राहिली असल्यास नवल नाही.

पंजाब आणि बंगाल यांची निदान वाटणी झाली. लाहोर सोडणाऱ्याला अमृतसर होते, ढाका सोडणाऱ्याला कलकत्ता. सिंध मात्र सबंध गेला. सुमारे पाव लोकसंख्या हिंदूंची असूनही भारताच्या नकाशावर त्यांच्या वाट्याला एक तालुकाही आला नाही. जून १९४७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे फाळणीचा ठराव आला तेव्हा सिंध काँग्रेसचे वयोवृद्ध नेते डॉ. चोइथराम गिडवाणी यांनी त्याला विरोध केला. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते आचार्य कृपलानी, तेही मूळचे हैदराबाद सिंधचेच. एक सिंधी अध्यक्षपदावर बसून ठराव पार पाडतो आणि दुसरा उठून विरोध करतो, हे दृश्य एखाद्या नाटककाराने रचले असते तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. पुढे गिडवाणींनी निर्वासितांचे प्रश्न हेच आपले कार्य मानले आणि १९५० च्या दशकात ते आपल्या ठाण्यातून लोकसभेवर गेले.

६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबलेल्यांचाही धीर सुटला. जहाजे भरभरून माणसे मुंबईला येऊ लागली. म्हणजे या मंडळींचा छावणीतला पहिला पंधरा ऑगस्ट १९४८ चा. तोवर गांधीजींचीही हत्या झालेली होती.

इथे थोडे विषयांतर करतो. या लोकांना आपण 'बाहेरून आलेले' म्हणतो. पण १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा झाला. मिठाच्या सत्याग्रहात पकडला गेलेला कराचीचा तरुण ज्या प्रांताचा कैदी होता, त्याच प्रांताचा कैदी नाशिकचा किंवा ठाण्याचा सत्याग्रही होता. कराचीतील १८५५ साली स्थापन झालेली जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे १९४८ साली कल्याणला उतरलेला पन्नाशीचा सिंधी गृहस्थ बारा वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याच इलाख्याचा रहिवासी होता. त्याला परका ठरवायला आपल्याला एक तपही पुरले. असो.

या सर्वांत मला सर्वाधिक बोलके वाटते ते १९७२ साल. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. त्या पंधरा ऑगस्टला केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली, ताम्रपट दिले. दिवस मात्र उत्सवाचे नव्हते. महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. आदल्या डिसेंबरातल्या युद्धात भारतीय सैन्याने सिंधच्या थरपारकर जिल्ह्यातला मोठा वाळवंटी मुलूख जिंकला होता आणि २ जुलै १९७२ च्या सिमला करारानुसार तो परत द्यायचे ठरले होते. सिंधच्या मातीवर तिरंगा लागला आणि तो उतरवण्याचा निर्णय रौप्यमहोत्सवाच्या सहा आठवडे आधी झाला. युद्धनीती म्हणून करार योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण ज्यांची वाळू ती होती त्यांच्या दृष्टीने या वर्धापनदिनाची चव काय असेल?

आणि ताम्रपट, निवृत्तिवेतन? त्यासाठी पुरावा लागे. निदान सहा महिने तुरुंगवास झाल्याचा तुरुंगाचा वा शासनाचा दाखला. तो नसेल तर सहकैद्याचे प्रमाणपत्र. साताऱ्याचा वा धुळ्याचा सैनिक येरवड्याच्या किंवा विसापूरच्या कागदांसाठी खेटे घालू शकत होता; त्याचेही हाल कमी झाले नाहीत. पण ज्याने शिक्षा सक्कर, हैदराबाद किंवा कराचीच्या तुरुंगात भोगली, त्याची नोंदवही आता शत्रुराष्ट्राच्या दप्तरात होती, आणि १९७१ च्या युद्धाने दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधही तुटले होते. उरला सहकैदी. तो छावणीतल्या दुसऱ्या बराकीत असेल, अजमेरला असेल, आदिपूरला असेल, किंवा मरून गेला असेल. घरादारासाठी या लोकांनी पूर्वीच 'क्लेम' भरले होते. तो इंग्रजी शब्द त्यांच्या बोलीत पक्का रुजला. आता देशभक्तीचाही क्लेम भरायचा होता. यात कोणा कारकुनाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही, नियम सर्वांना सारखाच होता. सारख्या नियमाने सारखा न्याय होत नाही, इतकेच.

सीमेपलीकडे पाहिले तर चित्र अधिकच गुंतागुंतीचे होते. त्याच जुलै १९७२ मध्ये सिंधच्या विधानसभेत सिंधी भाषेचे विधेयक संमत झाले आणि कराचीत उर्दूभाषकांच्या बाजूने दंगली उसळल्या. भारतात, जिथे सिंधी भाषेला स्वतःचा प्रांत नाही, तिथे ती १९६७ सालीच घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली होती. पाकिस्तानचा ठराव मांडणारे जी. एम. सय्यद याच काळात स्वतंत्र सिंधचे प्रवक्ते झाले; त्यांच्या पुढच्या आयुष्याची बरीच वर्षे त्या देशाच्या कैदेत किंवा नजरकैदेत गेली आणि १९९५ साली मृत्यू आला तोही नजरकैदेतच. सोभो ग्यानचंदानी हे शांतिनिकेतनात शिकलेले, बेचाळीसच्या चळवळीत उतरलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते. ते सिंध सोडून आले नाहीत. त्यांनाही वारंवार तुरुंग घडला आणि २०१४ साली ते तिथेच वारले. एक जण घर सोडून देशात आला, दुसरा घरात राहून देशाबाहेर गेला. दोघांपैकी परदेशस्थ कोण, हे मला ठरवता आलेले नाही.

असा पेच आपल्याच राज्यात दुसऱ्या एका समाजाने अनुभवला होता. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या स्त्रिया, मुले, वृद्ध. घरातले कर्ते पुरुष अनेकदा जनरल अँडर्सच्या सैन्यात लढत होते. ३ मे आणि ११ नोव्हेंबर हे त्यांचे राष्ट्रीय दिवस. युद्ध जिंकले गेले, पण पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला आणि १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. त्या सरकारने ११ नोव्हेंबर रद्द करून २२ जुलै हा नवा राष्ट्रीय दिन ठरवला. विजयी पक्षाकडून लढूनही घर गमावलेल्या या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला तो कोणत्या पोलंडचा दिवस पाळायचा हा. बहुतेकांनी परत न जाता ब्रिटन आणि इतर देश पत्करले. आणि ते गेल्यावर वळिवड्याच्या त्याच घरांत कोण आले? सिंधी निर्वासित. आजचे गांधीनगर ते हेच. फरक एवढाच की पोलिशांचा राष्ट्रीय दिवस त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता, तर सिंध्यांच्या हाती जो दिवस आला तोच त्यांच्या विस्थापनाचा होता.

पुढच्या काळात सन्मान झाले, नाही असे नाही. १९८३ साली हेमू कलानीवर टपाल तिकीट निघाले. २००३ साली संसदेच्या आवारात त्याचा पुतळा उभा राहिला. चेंबूरमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आहे. पण २००५ साली राष्ट्रगीतातला 'सिंध' हा शब्द काढावा, कारण तो प्रांत आता भारतात नाही, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. न्यायालयाने ती फेटाळली आणि याचिकाकर्त्याला दंडही केला. कायद्याच्या दृष्टीने किरकोळ प्रकरण. मात्र शाळेच्या पटांगणात दर पंधरा ऑगस्टला उभे राहणाऱ्या सिंधी म्हाताऱ्याच्या वाट्याला त्याच्या मुलुखाचे भारतात उरलेले जे एकमेव अधिकृत स्थान होते, ते त्या एका शब्दाएवढेच होते.

२०२१ साली १४ ऑगस्ट हा 'फाळणी विभीषिका स्मृतिदिन' म्हणून जाहीर झाला. बेचाळीसमध्ये वीस वर्षांचा असलेला सत्याग्रही तोवर नव्व्याण्णव वर्षांचा झाला असता. म्हणजे ज्यांना विचारायला हवे होते ते जवळपास कोणीच उरले नव्हते. उल्हासनगर आपला स्थापनादिन ८ ऑगस्टला मानते. सात दिवसांनी तिथे तिरंगा चढतो. त्याच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, सक्करमध्ये दुसरा झेंडा चढलेला असतो. सक्करचा तो सण आणि आपला हा शोकदिन, दोन्हींची तारीख आता एकच आहे.