बोलिंग ग्रीनचे अठरा दिवस

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे बेसबॉल संघ दोन जातींचे: उन्हातले आणि बर्फातले. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या संघांचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर घरच्याच मैदानावर सुरू होतो. उत्तरेकडच्या संघांची मैदानं तेव्हा गोठलेली असतात. ही पोरं सगळा हिवाळा बंदिस्त हॉलमध्ये जाळ्यांच्या आत सराव करतात आणि हंगाम उघडला की सामान बांधून दक्षिणेकडे निघतात. दर आठवड्याच्या अखेरीला वेगळं गाव आणि समोर महिनाभर आधीपासून उघड्यावर खेळणारा संघ. त्यामुळे उत्तरेकडच्यांचे पहिले तीन-चार आठवडे बहुतेक पराभवातच जातात आणि त्याचं कुणी फारसं मनावरही घेत नाही. खरा हंगाम मार्च सरता सरता, आपल्या गटातले सामने सुरू झाले की.

बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटी ही या बर्फातल्या जातीची. ओहायोच्या वायव्य कोपऱ्यात, टोलेडोच्या दक्षिणेला, एके काळच्या मोठ्या दलदलीत पाणी काढून केलेल्या सपाट शेतजमिनीच्या मधोमध वसलेलं हे गाव. आडवं येईल असं काही नसल्याने वारा इथे मोकाट. १९१० मध्ये शिक्षक तयार करणारी शाळा म्हणून संस्था स्थापन झाली, १९३५ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नारिंगी आणि तपकिरी हे तिचे रंग. टोलेडोला जाणाऱ्या ट्रॉलीत एका बाईच्या टोपीवरची पिसं पाहून एका प्राध्यापकाला ते सुचले, अशी दंतकथा तिथे सांगतात. खरी असो नसो, निवड धाडसाची होती.

बेसबॉल इथे जवळपास पहिल्यापासून, शंभरी ओलांडलेला. वॉरन स्टेलर हे गृहस्थ १९२४ मध्ये फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले. ती जबाबदारी त्यांनी अकरा हंगाम सांभाळली, बेसबॉल मात्र कित्येक दशकं. आजचं मैदान त्यांच्याच नावाचं आहे, स्टेलर फील्ड. मिड-अमेरिकन कॉन्फरन्स, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘मॅक’ म्हणतात, तो इथला गट. बोलिंग ग्रीनने या गटाची स्पर्धा अधूनमधून जिंकली आहे. २०१३ मध्ये ती जिंकून संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीसाठी लुइव्हिलला गेला, पण तिथून पुढे सरकला नाही. थोडक्यात, ओमाहाला होणाऱ्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेची स्वप्नं पाहावीत असा हा संघ कधीच नव्हता.

आणि तरीही ओरेल हर्शायझर इथलाच. लॉस एंजेलिस डॉजर्सने १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याला निवडलं ते सतराव्या फेरीत, म्हणजे शेकडो नावं पुकारून झाल्यावर. १९८८ मध्ये याच हर्शायझरने सलग ५९ डाव एकही रन न देता पिचिंग करून विक्रम केला, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मानही. सतरावी फेरी लक्षात ठेवावी. ती पुढे कामाला येणार आहे.

२०२० मध्ये संघाचे प्रशिक्षक होते डॅनी श्मिट्झ. १९९१ पासून तेच. एका संघावर एकच माणूस तीस हंगाम म्हणजे दोन पिढ्या हाताखालून गेल्या. हे तिसावं वर्ष कसं सरलं, ते एव्हाना सगळ्या जगाला पाठ आहे. ११ मार्चच्या रात्री बास्केटबॉलपटू रूडी गोबेरची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एनबीए थांबलं. १२ मार्चला मॅकची बास्केटबॉल स्पर्धा क्लीव्हलँडमध्ये रद्द झाली, ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी राज्यातल्या शाळा बंद करायचं जाहीर केलं आणि संध्याकाळपर्यंत विद्यापीठीय खेळ चालवणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संस्थेने हिवाळी आणि वासंतिक खेळांच्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा काढून टाकल्या. त्यात जूनमधली बेसबॉलची कॉलेज वर्ल्ड सिरीजही होती, १९४७ पासून एकही वर्ष न चुकलेली. तीन महिने पुढची स्पर्धा एका दुपारात कशी रद्द करता, म्हणून प्रशिक्षकांनी कुरकुर केली; आता मागे वळून पाहता त्या कुरकुरीला फारसा अर्थ नव्हता. फ्लोरिडाचा संघ तेव्हा १७ पैकी १६ सामने जिंकून देशात पहिला होता. बोलिंग ग्रीनसारख्यांचे तर दौऱ्यावर मार खायचे आठवडे तेवढे झाले होते आणि ज्यासाठी तो मार खायचा, ते गटातले सामने अजून यायचे होते.

आपल्याकडेही तोच आठवडा होता. राजकोटला सौराष्ट्र-बंगाल रणजी अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस १३ मार्चला रिकाम्या स्टेडियममध्ये पार पडला आणि पुढच्या मोसमात रणजी झालीच नाही. १९३४-३५ पासून पहिल्यांदाच. पण मोसम बुडाला म्हणून मुंबईचा किंवा महाराष्ट्राचा संघच मोडीत काढावा, असं कुणाच्या मनातही आलं नाही. अमेरिकेत नेमकं तेच सुरू झालं.

सुरुवातीला सगळं खेळाडूंच्या बाजूने चाललं होतं. ३० मार्चला एनसीएएने वासंतिक खेळांच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून दिलं. एरवी पाच वर्षांत चार हंगाम हा तेव्हाचा नियम. २०२० चा हंगाम हिशेबातच धरायचा नाही असं ठरलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दिलासा मिळाला, पण त्या दिलाशाला कात्रीही होती. व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट तोवर चाळीस फेऱ्यांचा असे. त्या जूनमध्ये तो पाच फेऱ्यांत आटोपला आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना जास्तीत जास्त वीस हजार डॉलर देता येतील असं ठरलं. एरवी सहाव्या फेरीपासून चाळिसाव्यापर्यंत जी शेकडो मुलं कॉलेज सोडून जात, ती जागच्या जागी राहिली. म्हणजे जुने हलेनात, वाढीव वर्षवाले जाईनात आणि दारात नवी भरती उभी. त्या वर्षी हर्शायझर विद्यार्थी असता तर त्याचं नाव कुणी पुकारलंच नसतं.

इथे पैशाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या खेळाडूला पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, हे आपण ऐकून असतो. बेसबॉलमध्ये तेव्हा एका संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. अपूर्णांक आहे, छापायची चूक नव्हे. संघात पस्तीसपर्यंत मुलं. त्यातल्या जास्तीत जास्त सत्तावीस जणांत ही रक्कम वाटायची आणि ज्याला द्यायची त्याला किमान पाव हिस्सा द्यायचा. उरलेल्यांना काही नाही. मोठ्या विद्यापीठांनाही एवढ्यातच भागवावं लागे. अर्थ असा की बेसबॉलचा बहुतेक खेळाडू स्वतःच्या किंवा आईबापांच्या खिशातून फी भरून शिकत असे. खेळ विद्यापीठाला तोट्यात घालतो हे खरं. पण संघ काढून टाकला तर पस्तीस फी भरणारे विद्यार्थीही जातात, हे ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला कुणी मांडत नाही. प्रवास, हॉटेल, चेंडू आणि पंचांचा खर्च क्रीडा विभागाच्या वहीत पडतो आणि फी जमा होते विद्यापीठाच्या वहीत. वह्याच दोन आहेत, त्यामुळे संघ तोट्याचा दिसतो तो नेहमीच.

मे उजाडला तसं मॅकमधल्या विद्यापीठांनी हात आखडते घ्यायला सुरुवात केली. १२ मे रोजी मॅकने बेसबॉलसकट आठ खेळांच्या हंगामअखेरच्या स्पर्धा बंद केल्या. ॲक्रन विद्यापीठाने काही खेळांवर फुली मारली. बेसबॉल तिथे २०१५ मध्येच बंद झाला होता आणि पाच वर्षांनी परत सुरू होऊन २०२० हा त्यांचा पहिलाच हंगाम होता. त्या वेळी तो वाचला. बफेलोने तर आपला बेसबॉल २०१७ मध्येच बंद केला होता, साथीचं निमित्तही नसताना. उत्तरेत बेसबॉल खर्चिक आहे आणि उन्हातल्यांशी स्पर्धा होत नाही, हा युक्तिवाद जुनाच. साथीने त्याला तारीख तेवढी दिली.

१५ मेला ती तारीख बोलिंग ग्रीनवर आली. क्रीडा विभागाच्या खर्चात वीस लाख डॉलरची कपात करायची आणि त्यासाठी बेसबॉल तात्काळ बंद, असं जाहीर झालं. त्यातून वर्षाला पाच लाख डॉलरच्या आसपास वाचणार होते. ज्यांना ही घोषणा करावी लागली ते क्रीडा संचालक बॉब मूसब्रगर स्वतः याच संघातून खेळलेले. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि त्या दिवसांत अनेकांनी ते केलंही. मला ते पटत नाही. कपातीचा आकडा वरून आलेला असतो. कोणती फांदी तोडायची एवढंच त्या खुर्चीतल्या माणसाच्या हाती उरतं. पण त्यांचं एका बाबतीत चुकलं असं मात्र वाटतं. संघ बंद करण्याआधी संघाच्या जुन्या माणसांना विचारलं असतं, तर पुढचे अठरा दिवस लागलेच नसते.

कारण त्या अठरा दिवसांत जे झालं ते आपल्याला अगदी ओळखीचं आहे. तालुक्याच्या गावी शाळेचा वर्ग बंद पडणार असं कळल्यावर पुण्या-मुंबईत नोकरी करणारे माजी विद्यार्थी कसे खडबडून जागे होतात, याद्या निघतात, कोण किती देणार याचे फोन सुरू होतात, तसंच. साथीमुळे कुणी कुणाला भेटू शकत नव्हतं. सगळी जुळवाजुळव फोनवर आणि पडद्यावर. श्मिट्झ यांच्या तीस वर्षांतले खेळाडू आता डॉक्टर, विमावाले, शाळांचे प्रशिक्षक, कारखानदार झाले होते. एका माणसाने तीस वर्षं संघ धरून ठेवल्याचा फायदा तेव्हा कळला: तीस तुकड्यांना जोडणारा एक फोन नंबर होता. मधल्या काळात सध्याचे खेळाडू मात्र अधांतरी. संघच राहिला नाही तर दुसरीकडे लगेच खेळायची मुभा असते, पण जायचं कुठे? सगळीकडे आधीच दाटी.

२ जूनला विद्यापीठाचे अध्यक्ष रॉडनी रॉजर्स आणि मूसब्रगर यांनी संघ पुन्हा सुरू करत असल्याचं जाहीर केलं. माजी खेळाडू आणि देणगीदारांनी मिळून तीन वर्षांसाठी पंधरा लाख डॉलरच्या आसपास रकमेची हमी दिली होती. वर्षाला पाच लाख वाचणार होते. तीन वर्षांचे पंधरा लाख आले. हिशेब चोख. इतका चोख, की पाच लाखांचा प्रश्न अठरा दिवसांत सुटत असेल तर तो एप्रिलमध्ये का विचारला नाही, ही शंका येतेच. शिवाय या व्यवहारात एक गोष्ट गुपचूप सरकली. शतकभर संघ चालवणं ही विद्यापीठाची जबाबदारी होती. आता तीन वर्षांसाठी का होईना, ती जुन्या विद्यार्थ्यांच्या खिशावर आली. आनंदाच्या भरात यावर फारसं कुणी बोललं नाही.

श्मिट्झ त्याच वर्षी निवृत्त झाले. तीस हंगामांच्या माणसाला निरोपाचा सामनाच मिळाला नाही. जागा आली काइल हॅलॉककडे, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला डावखुरा पिचर, २०११ चा मॅकमधला सर्वोत्तम पिचर, पुढे ह्यूस्टन ॲस्ट्रोजने घेतलेला. त्याला पहिली भरती करावी लागली ती आपल्याच खेळाडूंची. २०२१ मध्ये संघ मैदानात उतरला. मॅकने प्रवास वाचवण्यासाठी एकाच प्रतिस्पर्ध्याशी आठवड्याच्या शेवटी चार-चार सामने लावले. पिचरच्या खांद्यांचं काय होत असेल ते सोडा, बसचं भाडं वाचलं. बंद केलेली मॅक स्पर्धा २०२२ मध्ये परत आली.

सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. बोलिंग ग्रीनच्या तीन दिवस मागून, १८ मेला, दक्षिण कॅरोलायनातल्या फर्मन विद्यापीठाने आपला शतकापेक्षा जुना बेसबॉल संघ बंद केला. तो उन्हातला संघ होता, तरी गेला. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट आयडाहोतल्या बॉयसी स्टेटची. त्यांनी १९८० मध्ये बेसबॉल सोडला होता. तो परत आणायचं २०१७ मध्ये ठरलं आणि त्यासाठी कुस्तीचा संघ बंद केला. नवा प्रशिक्षक, नवी मुलं, तयारीत तीन वर्षं. चाळीस वर्षांनी २०२० मध्ये पहिला हंगाम सुरू झाला, चौदा सामने झाले, नऊ जिंकले आणि १२ मार्च आला. २ जुलैला संघ बंद. पहिल्याच वर्षी नऊ-पाच ही कामगिरी बर्फाळ राज्यातल्या संघासाठी कौतुकाची. पण त्याच्यासाठी फोन फिरवणार कोण? तिथल्या माजी खेळाडूंपैकी सगळ्यात तरुण माणूस साठीच्या घरात पोचला होता आणि नव्या मुलांना माजी व्हायलाच वेळ मिळाला नव्हता. मागे खेळून गेलेल्यांची अखंड रांग हवी, तीच बॉयसीकडे नव्हती. कुस्तीही गेली ती गेलीच.

बोलिंग ग्रीनच्या देणगीदारांनी दिलेली तीन वर्षांची हमी २०२३ मध्ये संपली. त्यानंतरही संघ खेळतो आहे, फेब्रुवारीत दक्षिणेत जाऊन हरतो-जिंकतो आहे आणि वसंतात स्टेलर फील्डवर परततो आहे.