प्लेगच्या जंतूसाठी मटणाचा रस्सा

पेपरातलं 'मेथड्स' तुम्हीही उडवता ना? मग ही जुनी कृती वाचाच. १८९६, मुंबईत प्लेग. लशीसाठी हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. गोमांस, डुकराचं मांस लोकांना चालणार नव्हतं. त्यांनी बकऱ्याचं मटण हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून रस्सा केला. वर तुपाचे थेंब. त्यांना धरून जंतू खाली लोंबकळत वाढतात!

आम्लानं प्रथिनं तुटून अमिनो आम्लं मोकळी होतात. जंतूला नायट्रोजन मिळतो तो त्यांतून. मेथिओनिन, फेनिलअ‍ॅलानिन तर त्याला स्वतः बनवताच येत नाहीत. माणसाच्या शरीरात शिरल्यावरही ती तयारच मिळवावी लागतात. म्हणजे बाटलीत जवळपास तेच ताट वाढलेलं होतं. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी याच रश्श्यात वाढवून उष्णतेनं मारलेले जंतू आधी स्वतःला टोचून घेतले.