मोटारीचा जॅक (हैदराबाद परिसर)

मोटारीचा जॅक : पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी गाडीचा एक कोपरा जमिनीपासून उचलून धरणारे साधन. प्रवासी मोटारींसाठी त्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत : कैची जॅक, बाटली जॅक आणि ट्रॉली जॅक. खरेदी करताना ग्राहक बहुधा त्यावर छापलेले टन पाहतो. पण जॅक उपयोगी पडेल की नाही, हे आधी त्याच्या बंद उंचीवर ठरते, म्हणजे पूर्ण मिटवलेला जॅक टायर बसलेल्या गाडीखाली शिरतो की नाही यावर.

प्रकार व रचना : कैची जॅकमध्ये आट्यांचा लांब स्क्रू फिरवला की चार भुजा जवळ येतात आणि माथा वर चढतो. आट्यांच्या घर्षणामुळे हात सोडला तरी तो आपोआप खाली येत नाही. मिटल्यावर त्याची उंची सुमारे १० सेंटिमीटर राहते, म्हणून कारखान्यातून गाडीबरोबर बहुधा हाच मिळतो. बाटली जॅक तेलाच्या दाबावर चालतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, या पास्कलच्या नियमावर त्याची ताकद उभी आहे. याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये घेतले, तर रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये हायड्रॉलिक जॅकचे पेटंट मिळवले. ट्रॉली जॅकही तेलावर चालतो. त्याला चाके असतात आणि बूड रुंद असते. घरच्या पार्किंगमध्ये तो सर्वांत सोयीचा, पण वजनामुळे प्रवासात नेण्यास अवघड.

निवड : जॅक एका वेळी गाडीचा एकच कोपरा उचलतो. त्यामुळे हजार-बाराशे किलोच्या छोट्या गाडीला कारखान्याचा एक टनी कैची जॅक पुरतो, आणि जड एसयूव्हीला दोन टनी जॅक भरपूर होतो. घोडे अडते ते उंचीवर. बाटली जॅकची बंद उंची अनेकदा १८ ते २० सेंटिमीटर असते. छोट्या गाडीचा टायर पूर्ण बसला आणि डिक्कीत सामान असले, तर तेवढी जागा खाली उरतेच असे नाही. यासाठी मोजपट्टी घेऊन, चाकातली हवा सोडून, पुढच्या चाकामागील आणि मागच्या चाकापुढील जॅक लावण्याच्या खाचांची जमिनीपासूनची उंची घरीच मोजावी. बाटली जॅक डिक्कीत उभाच ठेवावा. आडवा पडल्यास तेल गळू शकते. कैची जॅकच्या आट्यांना वर्षातून एकदा ग्रीस लावावे.

हैदराबादचे रस्ते : शहराला वळसा घालणारा १५८ किलोमीटरचा आठपदरी बाह्य वळणरस्ता, मेहदीपट्टणम ते आरामघर हा २००९ मध्ये खुला झालेला ११.६ किलोमीटरचा उन्नत मार्ग आणि पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, अशा तीन रस्त्यांवर पंक्चरचे तीन वेगळे प्रसंग ओढवतात. वळणरस्त्यावर दुचाकींना मनाई आहे, त्यामुळे शहरातल्यासारखा पंक्चरवाला स्कूटरवर येईल ही आशा धरू नये. उन्नत मार्गावर कडेला थांबायला पुरेशी जागा नसते. तिथे दिवे लुकलुकते ठेवून, अगदी मंद वेगाने जवळच्या उतारापर्यंत जावे. टायर कापला गेला तरी चालेल, माणसे सुरक्षित राहिली पाहिजेत.

सुलतान बाजार, काचीगुडा भागांतील मराठी कुटुंबांना गावाकडे नेणारा रस्ता म्हणजे हा ६५ क्रमांकाचा महामार्ग. संगारेड्डी, सदाशिवपेठ, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करत तो सुमारे ३०० किलोमीटरवर सोलापूर गाठतो. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि इतर कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

चाक बदलताना : गाडी शक्य तितकी डावीकडे, सपाट जागी घ्यावी. प्रवाशांनी डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. त्यामुळे ५० मीटरवर ठेवलेला परावर्तक त्रिकोण मागच्या चालकाला दोन सेकंदही देत नाही. वेगवान रस्त्यावर तो १०० मीटरवर ठेवावा. हँडब्रेक ओढून कर्णातल्या विरुद्ध चाकाला दगड लावावा. चाक जमिनीवर असतानाच पान्याने प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा, मग जॅक चढवावा. एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा मऊ पडलेल्या डांबरात जॅकचे छोटे बूड रुतते, म्हणून फूटभर लांबीची जाड लाकडी फळी डिक्कीत हवीच. नट समोरासमोरच्या क्रमाने लावावेत आणि गाडी खाली आल्यावर त्याच क्रमाने पक्के आवळावेत. जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय मुळीच घालू नये.

पूर्वतयारी : स्टेपनीतील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही काळाने कडक होते व चिरते. ट्यूबलेस टायरच्या पृष्ठभागात खिळा शिरला, तर स्ट्रिप भरून आणि बारा व्होल्टच्या पंपाने हवा भरून पुढे जाता येते. बाजूची भिंत फाटली तर मात्र चाकच बदलावे लागते. लहान आकाराच्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते, ती पाळावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, आणि तिच्याबरोबर जॅक व पानाही नसू शकतात. गाडी ताब्यात घेतानाच डिक्कीतील आच्छादन उचलून आत काय दिले आहे, ते पाहून घ्यावे.