व्याजाची जागा : कीर्दीपासून रोख प्रवाह पत्रकापर्यंत

लातूरच्या आडत बाजारात लक्ष्मीपूजनाला जी वही पुजली जाते, तिचा प्रश्न साधा असतो : किती आले, किती गेले, शिल्लक काय? कीर्दीत एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. तुरीची पट्टी चुकती केली, हमाली दिली, डाळ मिलसाठी यंत्र घेतले, सावकाराकडून रक्कम उचलली. सगळे तारखेच्या क्रमाने एकाच पानावर. कोणाकडे किती, हे खतावणी सांगे. पण शिल्लक धंद्याने वाढली की कर्जाने, हे मालकाच्या डोक्यात असे, कागदावर नसे.

जगभरच्या हिशेबशास्त्रालाही हा भेद उशिराच कागदावर आणता आला. आंतरराष्ट्रीय लेखा मानक 7 हे 1977 मध्ये आर्थिक स्थितीतील बदलांचे पत्रक म्हणून आले. 1992 मध्ये ते नव्याने लिहिले गेले आणि रोकडीचे तीन गट ठरले : कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा. भारतात लेखा मानक 3 याच वाटेने गेले. 1981 चे जुने रूप 1997 मध्ये बदलले. डाळ विकून आलेला पैसा पहिल्या गटात, यंत्राचा खर्च दुसऱ्या, बँकेचे कर्ज तिसऱ्या. गल्ला भरलेला असूनही पहिला गट वर्षानुवर्षे उणे असेल, तर ती मिल उसन्या पैशावर चालली आहे, हे आता लपत नाही.

निजामी राजवटीतल्या व्यापाऱ्याला आणखी एक गुंता होता. घरचा व्यवहार हाली रुपयात, मुंबईच्या पेढीशी कलदारात. सरकारी दर सात हालीस सहा कलदार. दर हलला की हातच्या कलदाराची हालीतली किंमत बदले, पण एकही नाणे आत येत नसे की बाहेर जात नसे. आजचे मानकही परकीय चलनाच्या दराने शिलकेत पडलेला असा फरक तिन्ही गटांबाहेर वेगळ्या ओळीत ठेवते.

खरा वाद व्याजाचा. आंतरराष्ट्रीय मानकाने ते कोणत्या गटात घालायचे, हे बरेचसे कंपनीवर सोडले. भारताने 1997 मध्येच ही मोकळीक नाकारली. मिलने भरलेले व्याज वित्तपुरवठ्यात, मिळालेले व्याज गुंतवणुकीत. बँकेसाठी मात्र दोन्ही कामकाजात. म्हणजे लातूरच्या एखाद्या मिलने नांदेडला मुख्यालय असलेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेला व्याज भरले असते, तर तोच रुपया मिलच्या पत्रकात भांडवलाची किंमत ठरला असता आणि बँकेच्या पत्रकात रोजची कमाई. एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालेले, 1 जानेवारी 2027 पासून लागू होणारे आंतरराष्ट्रीय मानक 18 आता सर्वसाधारण कंपन्यांसाठी हीच विभागणी सक्तीची करते.

आडत्या मात्र या चौकटीत सहज बसत नाही. पेरणीला शेतकऱ्याला दिलेली उचल नियमाप्रमाणे गुंतवणूक. पण त्या उचलीमुळेच सुगीचा माल त्याच्या दारात येतो. मग त्यावरचे व्याज सावकारीचे की आडतीचे? कंपनी कायदा 2013 ने छोट्या कंपन्यांना हे पत्रक माफ केले आहे. मालकीच्या आणि भागीदारीच्या आडती तर त्या कायद्याबाहेरच. त्यामुळे उचलीचा खरा भार किती, हे शेतकऱ्याला पट्टीतल्या कपातीवरूनच ताडावे लागते.