घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी संसर्ग प्रतिबंध व नियंत्रण

प्रस्तावना

अंथरुणाला खिळलेले, शस्त्रक्रियेनंतर घरी आलेले किंवा वयोवृद्ध रुग्ण यांची देखभाल अनेक कुटुंबांत बाहेरून येणारी व्यक्ती करते. त्यांना गृह आरोग्य सहाय्यक, केअरटेकर, आया किंवा मावशी म्हटले जाते. रुग्णालयात हात धुण्यासाठी बेसिन, कचऱ्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या आणि शंका विचारण्यासाठी परिचारिका असते. घरी ही व्यवस्था नसते. एकाच दिवशी दोन-तीन घरांत काम केल्यास हात, कपडे आणि पिशवी यांवरून जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे आणि शेवटी आपल्या स्वतःच्या घरी पोहोचू शकतात. म्हणून पुढील काळजी रुग्णासाठी जितकी आवश्यक आहे, तितकीच आपल्यासाठीही आहे.

मूळ नियम: प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच काळजी

एचआयव्ही, कावीळ ब किंवा कावीळ क झालेली व्यक्ती दिसण्यावरून ओळखता येत नाही. काही वेळा रुग्णाला स्वतःलाही माहिती नसते. त्यामुळे रक्त, लघवी, शौच, उलटी किंवा जखमेतील स्राव यांच्याशी संबंध येणार असेल, तर रुग्ण कोणीही असो, हातमोजे घालावेत.

रोजच्या कामात घ्यावयाची काळजी

- हात केव्हा धुवावेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर, पट्टी बदलण्यापूर्वी, डायपर किंवा लघवीची पिशवी हाताळल्यानंतर, रुग्णाच्या अंथरूण-भांड्यांना हात लावल्यावर आणि हातमोजे काढल्यावर.
- किती वेळ: साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच वापरावे.
- हातमोजे: एका कामाला एक जोडी. डायपर बदललेल्या हातमोज्यांनी जेवण भरवू नये किंवा जखमेला हात लावू नये. एकदा वापरून टाकायचे हातमोजे धुऊन पुन्हा वापरू नयेत.
- लघवीची पिशवी (कॅथेटर असल्यास): ती रुग्णाच्या कमरेच्या पातळीपेक्षा खाली ठेवावी, परंतु जमिनीला टेकू देऊ नये.
- सांडलेले रक्त: हातमोजे घालून आधी कागदाने किंवा जुन्या कापडाने टिपून घ्यावे. त्यानंतर ५ टक्के तीव्रतेच्या ब्लीचचा १ भाग व पाणी ९ भाग असे द्रावण तेथे १० मिनिटे ठेवून पुसावे. द्रावण रोज ताजे करावे. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा शौचालय साफ करण्याचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो.
- खोकला: रुग्णाला किंवा आपल्याला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात व मास्क वापरावा.

वापरलेल्या सुया आणि कचरा

- इन्सुलिनच्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. अनेकदा सुई याच क्षणी टोचते.
- सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात टाकाव्यात. डबा तीन-चतुर्थांश भरला की झाकण घट्ट बंद करावे.
- घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरातील वापरलेल्या सुया, सिरिंज व दूषित पट्ट्या यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते. हा कचरा ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा द्यावा, अन्यथा सफाई कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते.
- डायपर व्यवस्थित गुंडाळून द्यावेत.

सुई टोचल्यास काय करावे

काम जाईल या भीतीने अनेक जण सुई टोचल्याचे कोणाला सांगत नाहीत. परंतु येथे वेळेला फार महत्त्व आहे.

१. जागा वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. बोट दाबू नये, तोंडात घालू नये, ब्लीच लावू नये.
२. लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात जावे. रात्री तातडीच्या विभागात जावे.
३. एचआयव्ही टाळण्यासाठीचे औषध (पीईपी) शक्यतो २ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. डॉक्टरांनी ते सुरू केल्यास २८ दिवस पूर्ण घ्यावे.
४. कावीळ ब ची लस घेतली आहे का, हे डॉक्टरांना सांगावे.

आपले हक्क व सरकारी सुविधा

- एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७: हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेने आपल्या कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, ती वापरण्याचे प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पीईपी पुरवणे बंधनकारक आहे. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.
- राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम: कावीळ ब व क यांची तपासणी आणि उपचार मोफत. कावीळ ब ची लस ०, १ व ६ महिने अशा तीन मात्रांत घेतात. कावीळ क वर लस नाही, परंतु गोळ्यांनी ती बरी होते.
- निक्षय पोषण योजना: क्षयरोगाच्या रुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात (१ नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी ५०० रुपये).

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ब्यूरोमार्फत नाही, थेट कुटुंबाकडे काम करते. मला पीईपी मिळेल का?
होय. सरकारी रुग्णालयात जाण्यासाठी मालकाचे पत्र लागत नाही. सुई कधी व कशी टोचली, एवढे सांगावे.

हातमोजे कोणी आणायचे?
ब्यूरोने पाठवले असल्यास ब्यूरोकडे मागावेत. कुटुंबाने थेट ठेवले असल्यास काम ठरवतानाच हातमोजे, साबण आणि सुयांचा डबा यांबाबत बोलून घ्यावे.

मदतीसाठी क्रमांक

- राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन (मोफत): १०९७
- निक्षय संपर्क, क्षयरोग हेल्पलाइन (मोफत): १८००-११-६६६६