घामाचा हिशोब आणि महाडचे पाणी

महाड-पोलादपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको: सावलीत बसलं तरी अंगातलं पाणी जातच असतं. पण ते मोजायचं कसं? आणि पाणी प्यायल्याने त्यात फरक पडतो का?

पादुआचा वैद्य सांतोरिओ याने वर्षानुवर्षे तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून हा हिशोब मांडला. १६१४च्या त्याच्या ग्रंथानुसार दिवसाला ८ पौंड खाणंपिणं पोटात गेलं, तर ५ पौंड न दिसताच उडून जातं. पण त्यातलं त्वचेतून किती, श्वासातून किती, हे तराजू सांगेना. १७९०च्या सुमारास लाव्हाझिएचा सहकारी सेग्वँ रोगण दिलेल्या रेशमी पिशवीत शिरला. श्वासापुरतं तोंड बाहेर. पिशवीत साठलं ते त्वचेचं, बाहेर गेलं ते श्वासाचं. बघा, प्रश्न पुढे गेला तो दोन गोष्टी वेगळ्या केल्यामुळे.

पुढे त्वचेचेही दोन भाग पडले. एक, वरच्या थरातून कायम झिरपणारं पाणी, दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर. ते त्वचेतल्या स्निग्ध थरावर आणि हवेच्या दमटपणावर ठरतं; जास्त पाणी प्यायल्याने फारसं हलत नाही. दुसरा, घाम. कडक उन्हात तो तासाला लिटरभरही जातो. तो भरून निघाला नाही तर घाम कमी होतो आणि अंग तापतं. पाणी प्यायल्याचा खरा परिणाम इथे दिसतो.

आता महाडला येऊ. शरीर पाणी टाकताना जात विचारत नाही. ते परत मिळवताना मात्र विचारली जायची. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता, पण तो कागदावरच राहिला. मार्च १९२७च्या परिषदेला जमलेल्यांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० मार्चला डॉ. आंबेडकरांसह लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. हा हक्क उच्च न्यायालयात टिकायला १७ मार्च १९३७ उजाडलं.

सांतोरिओच्या तराजूत हे ४० रुपये बसत नाहीत. उन्हात राबणाऱ्यांवर संशोधन करणार असाल, तर प्रश्नावलीत ‘किती पाणी पिता?’ याच्याखाली आणखी एक ओळ घाला: ‘ते कुठून आणता, आणि कोणी अडवतं का?’