बीजदोष आणि मामाची मुलगी

भाच्याने मामाची मुलगी करावी, ही देशावरील फार जुनी चाल होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जताकडे काय किंवा आणखी दक्षिणेस काय, अशा विवाहाचे कोणास नवल वाटत नाही. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात हा दाक्षिणात्यांचा आचार म्हणून नोंदविला आहे. इरावती कर्वे यांनीही १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात या चालीचा विचार केला आहे. मराठ्यांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. परंतु अशा घरी व्यंग असलेले मूल जन्मले, की बोल लागतो तो सुनेस. त्या बोलास आधार किती, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

व्यंगाचे मूळ बीजात असते, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. बीजाचा जो भाग बिघडलेला असेल, त्यापासून होणाऱ्या अवयवात विकृती उपजते, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. हा दोष पिढ्यांतून कोणत्या नियमाने उतरतो, हे मात्र मेंडेलच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या वाटाण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. आणि जगाने त्यांची दखल घेण्यास १९०० साल उजाडले. पुढे १९०२ साली लंडनचे डॉक्टर गॅरॉड यांनी लघवी काळी पडण्याच्या एका दुर्मिळ विकाराविषयी लिहिताना, या रोग्यांचे आईबाप पुष्कळदा परस्परांची जवळची भावंडे असतात, हे निदर्शनास आणले.

याचे कारण असे. प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. अशा विकारांत एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावते व मनुष्य निरोगी दिसतो. दोन्ही सदोष आल्या तरच विकार प्रकटतो. आईबाप दोघेही असे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास ही भीती चारांत एक असते. आतेभाऊ आणि मामेबहीण यांचे एक आजा-आजी समाईक असल्याने, एकच सदोष प्रत दोघांतही उतरलेली असण्याचा संभव वाढतो. गोत्र बापाकडून चालते, म्हणून मामाची मुलगी सगोत्र ठरत नाही. बीज मात्र दोन्हीकडून निम्मे निम्मे येते. मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी यांतही बीजाच्या दृष्टीने भेद नाही.

सर्वच जन्मदोष या वाटेने येतात असे नव्हे. १९५९ साली पॅरिसमध्ये लजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन विकाराच्या मुलांत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे दाखविले. बीजपेशी बनताना एक जोडी विलग न झाल्याने बहुधा हे घडते. आईच्या वाढत्या वयाबरोबर त्याचा संभव वाढतो. नात्यातील विवाहाशी त्याचा संबंध नाही, कोणाच्या आचरणाशीही नाही.

प्रमाणाचे भानही ठेवले पाहिजे. सामान्यतः शंभरांत दोन-तीन मुलांत गंभीर जन्मदोष आढळतो. अशा नात्यात ते प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच निपजतात. थॅलेसेमिया, सिकलसेल यांचे वाहक साध्या रक्ततपासणीने ओळखता येतात. ती तपासणी मुहूर्त धरण्यापूर्वी, आणि वधूइतकीच वराचीही, व्हावी. निम्मा वाटा ज्याचा, त्याने निम्मी जबाबदारी घेणे न्यायाचे होय.